बोगद्याचे दुसरे तोंड

आप्पांच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही, असा त्यांचा लौकिक होता. हा लौकिक पसरवण्याचे काम बहुतांशी त्यांनी स्वतःच केले होते, तरी तो खोटा नव्हता. टेलिफोन खात्यात त्यांची उभी हयात गेली. गावभरची बोलणी ज्या तारांतून वाहत त्या तारा त्यांनी सांधल्या, तपासल्या, बदलल्या. पण एका शब्दालाही कधी कान लावला नाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि अभिमानाचा विषय निघाला की त्यांना आवरणे कठीण जाई. कचेरीतले लोक पाठीमागे त्यांना ‘परिशिष्ट’ म्हणत. कारण सगळ्यांचे बोलून झाले, माणसे खुर्च्या मागे सारून उठू लागली, की आप्पांचे सुरू होई.

निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या बंद गॅलरीत एक छोटा संगणक अखंड चालू ठेवला होता. ते त्याला सर्व्हर म्हणत. त्यांची पत्नी माई त्याला ‘तुमचा घुमणारा डबा’ म्हणे. घरात याखेरीज धाकटा मुलगा होता, तो एका मालवाहतूक कंपनीत ट्रकांची वेळापत्रके लावी. आणि सून होती, ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत असे. थोरली मुलगी ठकी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती. तिचा नवरा हिशेब तपासनीस होता, आणि सभ्य माणूस म्हणून त्याची सगळीकडे ख्याती होती.

ठकी एका खेपेला माहेरी आली तेव्हा माई शेजारी गेलेली पाहून ती गॅलरीत आली आणि आप्पांच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर बसली. बराच वेळ तिने नुसती पायातली सपाट चप्पल काढली आणि घातली.

“तो ओरडत नाही हो, आप्पा,” ती एकदम म्हणाली. “ओरडला असता तर मी तुमच्याकडे आलेच नसते. मीही ओरडले असते.”

“मग करतो काय?”

“चहा घेताना सांगतो. ‘आज दुपारी बालवाडीच्या शिक्षिकांच्या जागा बघत होतीस. आपल्याला काही कमी आहे का गं?’ हसतहसत. काल म्हणाला, ‘डोकेदुखीवर इतकं वाचू नये, वाचूनच जास्त दुखतं.’ घरातल्या नेटच्या डब्यात सगळं उमटतं म्हणे. दिवसभर मी काय बघते ते संध्याकाळी त्याच्या तोंडून ऐकायचं. आता मी काही बघतच नाही. घड्याळ बघते.”

हे ऐकून बापाच्या काळजात कळ उठायला हवी होती, आणि ती उठलीही. पण पाठोपाठ आप्पांना थोडे हायसेही वाटले. दुःखात एखादा तांत्रिक प्रश्न सापडला की त्यांना नेहमीच हायसे वाटत असे.

“तो राउटर,” ते म्हणाले. “त्यात साइटची नावं दिसतात. याला उपाय आहे.”

आणि त्यांनी उपाय समजावून सांगितला. ठकीच्या फोनमधून एक बंद बोगदा निघेल तो थेट या गॅलरीतल्या यंत्रापर्यंत येईल. तिने जे काही मागितले ते सांकेतिक होऊन त्या बोगद्यातून इथे येणार, इथून उघड्या जगात जाणार, आणि उत्तर पुन्हा बोगद्यातून तिच्याकडे. मधल्या कोणाला, राउटरला, नवऱ्याला, एक अक्षर लागणार नाही.

“त्याला काहीच दिसणार नाही?”

“एवढंच, की तुझा फोन वडिलांच्या यंत्राशी बोलतोय. विचारलं तर सांग, आप्पा सगळ्यांचे फोटो जपून ठेवतात, ते तिकडे जातात. आणि जगाला काय वाटेल सांगू? तू इथे, या गॅलरीत बसून वाचते आहेस.”

“वाटू दे,” ठकी म्हणाली. “मलाही तेवढंच हवंय.” मग तिने मान वर केली. “आणि तुम्हाला? तुम्हाला दिसेल?”

प्रश्न आप्पांना झोंबला, पण रास्त वाटला. ते म्हणाले, “मी नोंद ठेवणार नाही. बघणारही नाही. उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नाही, आता लेकीचं ऐकू?”

“आईला सांगू नका. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि धाकट्याला तर मुळीच नको. तो आणि माझा नवरा दर रविवारी फोनवर खिदळत असतात. बोलता बोलता सांगून टाकेल. मला शब्द द्या.”

आप्पांनी शब्द दिला, आणि जेवणाआधी बोगदा खणून झाला. नोंद ठेवण्याची सोय त्यांनी ठकीच्या डोळ्यांदेखत बंद केली.

इथवर सगळे निर्दोष होते. आप्पांची कामे निर्दोषच असत. पण त्यांच्या एका जुन्या सवयीने त्यांना आंधळे करून ठेवले होते, आणि ती सवय अशी की जाहिरात या वस्तूचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. न बोलावता घरात शिरणारा माणूस आणि जाहिरात यांत ते फरक करत नसत. स्वतःच्या संगणकावर त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी जाहिराती अडवून टाकल्या होत्या. बाकीच्यांच्या फोनवर आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीवरही अडवून देतो म्हणाले होते, तेव्हा माई म्हणाली होती, “राहू द्या हो, त्यांच्यामुळे तर मला बाजारात काय आलंय ते कळतं.” त्यावर आप्पांनी कानाला खडा लावला आणि ज्याने त्याने आपापले बघावे असे ठरवले. परिणामी घरातल्या बाकीच्या पडद्यांवर काय चालते याची त्यांना काडीमात्र कल्पना उरली नव्हती.

जाहिरातवाल्यांना माणूस ओळखता येतोच असे नाही. घर ओळखता येते. एखाद्या घराच्या जोडणीवरून कोणी काही शोधले, की त्या घरातल्या साऱ्या पडद्यांवर ते त्याच मालाची पथारी पसरतात. आणि जगाच्या लेखी ठकी आता आप्पांच्या घरात राहत होती.

सुरुवात हसण्यावारी झाली. सुटीच्या दुपारी दिवाणखान्यात सगळे बसले होते. माई टीव्हीवर कुंडीतल्या टोमॅटोची निगा बघत होती. मधेच काळ्या कोटातला एक गृहस्थ प्रकटला आणि अत्यंत आर्जवाने म्हणाला की वैवाहिक जीवनातून सन्मानाने बाहेर पडता येते, पहिला सल्ला विनामूल्य.

“अहो, ऐकलंत का?” माईने गॅलरीकडे तोंड करून हाक दिली. “मला घटस्फोटाचा सल्ला फुकट मिळतोय!”

“पहिलाच फुकट आहे, आई,” धाकटा म्हणाला. “पुढचे परवडायचे नाहीत.”

“घेऊन टाका, आई,” सून हसून म्हणाली. “मी येते सोबतीला. दोघींचा मिळून सवलतीत होईल.”

सगळे पोट धरून हसले. आप्पा गॅलरीत होते. त्यांना शब्द नीट ऐकू आले नाहीत, आणि विचारावेसे वाटले नाही.

पण काळा कोट हटेना. पाठोपाठ धाकट्याच्या फोनवर एकट्या नोकरदार स्त्रियांसाठीच्या खोल्या येऊ लागल्या: स्वच्छ गादी, स्वतंत्र कुलूप, रात्रपाळीचा रखवालदार. माईच्या टोमॅटोच्या मधोमध एक बाई खिडकीत उभी राहून सांगे की नवी सुरुवात करायला उशीर कधीच झालेला नसतो. कंपनीत धाकट्याच्या टेबलाशेजारी एक टकलू गृहस्थ बसत. त्यांनी डबा खाताना त्याचा फोन पाहिला.

“काय रे, वहिनी रुसल्यात का?” ते म्हणाले.

“का?”

“हे आपोआप येत नसतं, गड्या. घरातलं कोणीतरी शोधतं तेव्हा येतं. आमच्याकडे हिने केस वाढवायचं तेल शोधलं, तर माझ्या फोनवर तेलाचा पूर आला. मी म्हटलं, लावू कुठे?”

टकलू गृहस्थांचे ज्ञान अगदी बरोबर होते. तीच तर आपत्ती. ते चुकीचे असते तर पुढचे बरेचसे टळले असते.

मधल्या काळात नवराबायकोत एक कुरबुर होऊन गेली होती. दुकानाजवळ वेगळे घर घ्यावे असे सुनेने सुचवले होते. धाकट्याने ते उडवून लावले होते, आणि ती गप्प बसली होती. तिचे ते गप्प बसणे त्याला आता निराळे दिसू लागले. त्या संध्याकाळी जेवताना त्याने विचारले. विचारताना त्याने हसायचा प्रयत्न केला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

“काय गं, तू काही वकीलबिकील शोधतेयस का?”

“मी?” सुनेला पहिल्यांदा गंमतच वाटली. “का, तुला काढायचाय का एखादा?”

“मी मस्करी करत नाही. या घराच्या नेटवरून कोणीतरी शोधतंय. मी नाही. आई टोमॅटो बघते. आप्पांना कोणी खोली देणार नाही. मग राहिलं कोण?”

“मी नाही शोधलेलं,” ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.

आप्पांचा घास हातातच राहिला. सगळी जोडणी त्यांच्या डोळ्यांसमोर एका क्षणात लख्ख उभी राहिली: बोगदा, त्याचे दुसरे तोंड, आणि त्या तोंडाशी बसलेले हे घर. खरे सांगायचे तर प्रथम त्यांना चूक केल्याची लाज वाटली, सुनेची कीव त्यानंतर आली. आणि तिसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती यांहून मोठी होती. ठकी वकील शोधत होती. खोली शोधत होती. न बघण्याचा शब्द दिलेल्या बापाला लेकीच्या मनातले सगळे काळ्या कोटातल्या माणसाकडून कळले होते.

“आप्पा, जेवा ना,” सून म्हणाली. “निवतंय.”

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना आप्पांनी घराच्या राउटरवरच जाहिराती अडवल्या. टीव्ही, फोन, सगळे एका दमात स्वच्छ झाले. कोणाला काही सांगण्याची गरज पडली नाही, शब्द मोडला नाही, आणि सुनेच्या मागचे शुक्लकाष्ठ संपले, असा हिशेब करून त्यांनी कित्येक दिवसांनी दुपारी स्वस्थ झोप घेतली.

संध्याकाळी धाकटा गॅलरीत आला आणि त्याने मागचे दार ओढून घेतले.

“बंद झाल्या,” तो म्हणाला.

“काय बंद झालं?”

“जाहिराती. काल मी तिला विचारलं, आज सगळं गायब. घरभर. आप्पा, इतकं सरळ आहे हो. घाबरली आणि शोधणं थांबवलं. नाहीतर काल येत होत्या आणि आज एकही नाही, असं होईल का?”

आपल्या हाताने आपण सुनेच्या गळ्यात काय अडकवले ते आप्पांना दिसत होते.

“मला एक करून द्या,” धाकटा आवाज खाली आणून म्हणाला. “तुम्हाला येतं. ती काय बघते ते मला माझ्या फोनवर दिसेल असं काहीतरी. कायमचं नको. एकदा खात्री होईपर्यंत. ताईकडे जिजाजींनी केलंय तसं. ते म्हणत होते, त्यात काही विशेष नसतं, मनाला शांती मिळते.”

“ते तुला म्हणाले?”

“मागच्या रविवारी.”

आप्पांनी नकार दिला, आणि नकार मोठा सुंदर दिला. दुसऱ्याच्या मनात न विचारता शिरणे म्हणजे काय, तारा सांधणाऱ्याचा धर्म कोणता, संशय पोसला की तो काय काय मागतो, हे सगळे त्यांनी क्रमाने, एकही मुद्दा न सोडता सांगितले. धाकटा खाली मान घालून ऐकत राहिला.

“झालं?” तो शेवटी म्हणाला. “नाही म्हणायचं होतं तर नुसतं नाही म्हणायचं.”

एक वाक्य मात्र त्या भाषणात नव्हते. ‘ती नव्हे, ठकी.’

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, जावई कामावर असतो त्या वेळी, आप्पांनी ठकीला फोन केला आणि सगळे सांगितले.

“तुम्ही बघणार नव्हता,” ती म्हणाली.

“मी बघितलं नाही. ते आलं.”

“हो. तेही खरंच.” मग ती एकदम घाईने बोलू लागली. “मुलाखत झालीय, आप्पा. बालवाडीतच. थोड्या दिवसांत कळवतील. खोलीही बघून ठेवलीय, दोन बायका आधीच राहतात. तोपर्यंत कळता कामा नये. कळलं तर तो मला मारणार नाही, डांबणार नाही. तो फक्त रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसेल आणि समजावेल. आणि मी राहीन. मला माझी भीती वाटते, त्याची नाही.”

“आणि सूनबाई? ती काय करणार?”

“वहिनीचं काय होणार आहे हो? धाकटा तोंड वाकडं करील थोडे दिवस. सोसेल ती. मी गेले की तुम्ही सांगाच सगळं. मी किती वर्षं सोसलं ते कोणी मोजलं का?” ती थांबली. “वाईट बोलले ना मी?”

“हो,” आप्पा म्हणाले.

“तरी पण शब्द मोडू नका.”

फोन ठेवल्यावर आप्पांनी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. एकीकडे एका बाईचे सारे आयुष्य, दुसरीकडे दुसरीचे थोड्या दिवसांचे मनःस्वास्थ्य. पहिली गोष्ट गेली तर परत येणार नव्हती, दुसरी खुलासा होताच भरून निघणार होती. युक्तिवादात कुठे फट नव्हती. आप्पांच्या युक्तिवादांत ती नसेच. त्यांत माणसे बसवायची तेवढी राहून जात.

सून त्याच आठवड्यात एका सकाळी त्यांच्याकडे आली. आप्पांचा चष्मा तिनेच करून दिलेला होता, आणि त्याच्या काड्या सैल झाल्या की तीच बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन आवळत असे. आताही तिने चष्मा मागून घेतला आणि काडी आवळता आवळता, वर न बघता, विचारले:

“आप्पा, तुम्ही यातले जाणकार. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, म्हणतं मला सगळं स्वच्छ दिसतं. मी म्हणते बसा, आणि यंत्र लावते. मग तो काय म्हणतो त्याला अर्थ उरत नाही. तसं यात काही आहे का हो? मी हे शोधलेलं नाही, असं दाखवून देता येईल असं काही?”

चष्म्याविना आप्पांना तिचा चेहरा धूसर दिसत होता. दाखवून देणे पाच मिनिटांचे काम होते. यंत्र हाताच्या अंतरावर घुमत होते.

“नाही,” ते म्हणाले. “यात तसं नसतं. कोणी शोधलं ते सिद्ध करता येत नाही.”

विजेच्या आणि तारांच्या बाबतीत आप्पा आयुष्यात प्रथमच खोटे बोलले.

“असं होय,” सून म्हणाली. तिने चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला. “मग भांडून उपयोग नाही. मला वाटलं होतं, असेल काहीतरी आणि मलाच माहीत नसेल.”

रविवारी, सकाळचा चहा चालू असताना, तिने आपला फोन टेबलावर धाकट्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “बघ. सगळ्यांसमोर बघ, आणि एकदाचं मिटव.”

माई म्हणाली, “अगं, असं काय करतेस?” पण धाकट्याने फोन उचलला होता. तो बघत राहिला. अंगठा वर जाई, खाली येई. चष्म्याच्या काचांचे भाव, तिच्या आईशी झालेली बोलणी, गुडघ्याचे व्यायाम, एका मैत्रिणीच्या बाळाचे फोटो. सगळ्यांचा चहा गार झाला. शेवटी त्याने फोन खाली ठेवला.

“काही नाही,” तो म्हणाला. आणि मग, जरा थांबून, “पुसलं असशील.”

सून हसली. ते हसणे त्या घरात पूर्वी कोणी ऐकले नव्हते.

“म्हणजे सापडलं तर मी चोर, आणि नाही सापडलं तर हुशार चोर.”

“अहो, तुम्ही बोला ना काहीतरी!” माई आप्पांवर कडाडली. “एरवी तुमची गाडी थांबत नाही!”

आप्पांनी घसा साफ केला. ते म्हणाले की कोणाचाही फोन कोणी असा चाळू नये, मग ती बायको असो की लेक. आणि पुरावा नसताना संशय घेणे हा संशय घेणाऱ्याचाच अपमान आहे. धाकटा उठून आत गेला. सुनेने आप्पांकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यांत कृतज्ञता होती.

“निदान तुम्ही तरी,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून आप्पांना तिच्यासमोर बसून चहा पिणे जमेना; ते कप घेऊन गॅलरीत जाऊ लागले.

ती गेली तेव्हा काही आदळआपट झाली नाही. दुकान गाठायला आईचे घर जवळ पडते, असे तिने माईला सांगितले. कपडे, डोळे तपासायची आपली छोटी पेटी आणि उशाशी ठेवायचा दिवा एवढेच तिने नेले. धाकटा दारापर्यंत आला आणि म्हणाला, “मी सोडतो.” ती म्हणाली, “नको. वाटेत तू विचारशील, वकिलाकडे कधी गेले होते, आणि मी आता उत्तर देणार नाही.” माईने पदर डोळ्याला लावला. आप्पा गॅलरीतून तिला रस्ता ओलांडताना बघत होते. पलीकडे पोचल्यावर तिने दिव्याची छत्री वाकली होती ती सरळ केली आणि वळणावरून दिसेनाशी झाली.

त्यानंतर घरात जो शुकशुकाट पसरला त्यात यंत्राची घरघर स्वयंपाकघरातही ऐकू येऊ लागली. जाहिराती कोणाच्याच पडद्यावर नव्हत्या. आप्पांनी ठकीला फोन केला नाही. एकदा तिचाच आला. नोकरीचे कळले, होकार आला, असे ती सांगत होती आणि रडत होती. वहिनी कशी आहे, असेही तिने विचारले. आप्पा म्हणाले, “आहे.”

ठकी आली ती एका संध्याकाळी, दोन बॅगा घेऊन. नव्या गावी रुजू होण्याआधी चार दिवस माहेरी राहणार होती. तिने दारातच सगळे सांगून टाकले: घर सोडले, नवऱ्याला टेबलावर दोन ओळी लिहून ठेवल्या, वकील बघितला आहे, खोली बघितली आहे. सांगताना तिचा चेहरा कोवळा, लहानपणीसारखा दिसत होता. माईने तिला छातीशी धरले. धाकटा दिवाणखान्याच्या मधोमध उभा होता.

“वकील,” तो म्हणाला. “खोली. तू कुठून बघितलंस हे, ताई? तुझ्या घरून तर जिजाजींना दिसलं असतं.”

ठकीने आप्पांकडे पाहिले. आप्पांनी गॅलरीतल्या यंत्राकडे बोट दाखवले. समजवायला फार शब्द लागले नाहीत. टकलू गृहस्थांनी निम्मे काम आधीच करून ठेवले होते.

“वहिनी कुठे आहे?” ठकीने विचारले. घरात पसरलेली शांतता तिला आता ऐकू आली असावी.

उत्तर माईने दिले.

“आप्पा,” ठकी म्हणाली, “तुम्ही म्हणालात, आहे.”

“सांगितलं असतं तर तू थांबली असतीस? बोलू दिलं असतंस मला?”

ठकी प्रामाणिक मुलगी होती. तिने विचार केला. “नाही,” ती म्हणाली आणि बॅगेवर बसली. “पण मला ते माहीत असायला हवं होतं.”

धाकट्याने तोवर फोन लावला होता. “अगं ऐक, ते तू नव्हतीस. म्हणजे मला कळलंय आता. ताई होती ती. आप्पांच्या यंत्रातून. आप्पांनीच करून दिलं होतं. हो. हो, जाहिरातीही त्यांनीच बंद केल्या. मी येतो, मी आत्ता येतो तुला न्यायला, ऐकतेयस ना?” मग तो थांबला. ऐकत राहिला. फोन कानावरून काढून त्याने आप्पांपुढे धरला. “तुमच्याशी बोलायचंय तिला.”

आप्पांनी फोन घेतला. या क्षणासाठी त्यांनी मांडणी तयार ठेवली होती: दोन संकटे, त्यांतले कोणते परत फिरवता येते आणि कोणते नाही, दिलेला शब्द, त्याची मुदत. सगळे क्रमवार होते.

“आप्पा,” सुनेचा आवाज शांत होता, “मी काडी आवळत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“सूनबाई, त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे...”

“माहीत होतं का, एवढंच.”

“हो.”

पलीकडे दुकानात असावी ती. कोणीतरी अक्षरे मोठ्याने वाचत होते, आणि मधेच अडखळत होते.

“मी त्याला माफ केलं असतं,” ती म्हणाली. “त्याने संशय घेतला, मूर्ख आहे तो. तुम्ही म्हणालात सिद्ध होत नाही, म्हणून मी भांडले नाही. नाहीतर तुमचं सगळं घर मी डोक्यावर घेतलं असतं, आप्पा. भांडून राहिले असते. तुम्ही मला ते करू दिलं नाहीत.”

“मी समजावून सांगतो.”

“गिऱ्हाईक थांबलंय,” ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

धाकटा एव्हाना बूट घालून दारात उभा होता, किल्ली हातात.

“काय म्हणाली? येऊ ना मी?”

आप्पांनी फोन त्याच्या हातात दिला. काय सांगावे हे ठरवण्यासाठी त्यांना, आयुष्यात क्वचितच लागला असेल इतका, वेळ लागत होता. आणि धाकटा त्यांच्या तोंडाकडे बघत होता, ठकी बघत होती, माई बघत होती.

“जा,” ते म्हणाले. “पण मी पाठवलं असं सांगू नकोस.”